हजारो सायकलींच्या गर्दीत एकदा पडले आहे. पुन्हा जाऊ की नको?

संथ_पॅडल

नमस्कार मंडळी. वय ५१, सायकल पुन्हा हातात घेतली ४८व्या वर्षी. रोज पहाटे एकटीच साधारण २० किमी जाते. रस्ता रिकामा, वेग माझा, थांबणं माझं. तीन वर्षांत त्या वेळी एकदाही पडले नाही.

गेल्या वर्षी भाचीच्या आग्रहाने शहरातल्या मोठ्या सामूहिक फेरीत नाव दिलं. २१ किमी, रस्ते बंद, छातीवर नंबर, सगळा थाट. अंतराची काळजीच नव्हती. वाटलं, रोजचंच तर आहे, फक्त सोबतीला माणसं जास्त.

पडले ती उतारावर नाही, वेगातही नाही. उड्डाणपूल उतरल्यावर एक वळण होतं, तिथे सगळे गोगलगायीसारखे चालले होते. माझ्यापुढच्या मुलाने खिशातून मोबाईल काढायला एक हात सोडला, त्याची सायकल जरा डुलली, त्याच्या मागच्या चाकाला माझं पुढचं चाक लागलं आणि मी आडवी. तो मुलगा तसाच पुढे निघून गेला. त्याला कळलंही नसावं. कोपर सोललं, मनगट सुजलं, तीन आठवडे पट्टा बांधला. पण खरं लागलं ते वेगळंच. माझ्यावर मागचे चौघे येऊन पडले. त्यात माझ्या आईच्या वयाच्या एक बाई होत्या. त्या उठून मलाच विचारत होत्या, "लागलं का गं?"

आता भाचीने यंदाही माझं नाव घालून ठेवलंय, मला न विचारता. फेरी पाच आठवड्यांनी आहे. दोन प्रश्न. एक, इतक्या कमी वेगात माणूस पडतो कसा? दोन, एकटीने चालवणाऱ्या बाईने गर्दीचा सराव करायचा तरी कुठे? "मनातून भीती काढून टाका" असं कृपया लिहू नका, ते घरचे रोज सांगतात.

---

टॉप_गिअर

सोपा उपाय. तासभर आधी जा, सगळ्यांत पुढे उभ्या राहा, झेंडा पडला की दामटा. गर्दी मागे राहील, विषय संपला.

---

चेनकव्हर

वरचा सल्ला ऐकू नका. टॉप_गिअर, राग मानू नका, तुम्हाला तो लागू पडत असेल. ताई पुढे उभ्या राहिल्या तर पहिली दहा मिनिटं ताशी ३० ने जाणारी पोरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी सुटतील. तेच नको आहे त्यांना.

मी अशा फेऱ्यांमध्ये गेली नऊ वर्षं स्वयंसेवक असतो, बहुतेक वेळा सगळ्यांत मागे. म्हणजे पडलेले, पंक्चर झालेले, चेन उतरलेले आणि कंटाळलेले असे सगळे शेवटी माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून सांगतो, दमून पडलेला माणूस मी क्वचित पाहिला. पडतात ते ठरावीक जागी: सुटल्यावरचा पहिला किलोमीटर, रस्ता अरुंद होतो ती जागा, पाणी वाटतात तिथे आणि शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच. हो, ओलांडल्यावर! रेषा आली की लोकांना वाटतं काम झालं. जागच्या जागी ब्रेक मारतात, फोटो काढतात, मागून शंभर जण येतायत हे विसरतात. रेषेनंतर किमान पन्नास पावलं सायकल चालू ठेवा, मग कडेला जाऊन उतरा.

सुरुवातीचं म्हणाल तर तुमच्या गटाच्या शेवटी, रस्त्याच्या कडेच्या बाजूला उभ्या राहा. मधोमध नको, मध्ये दोन्हीकडून दाब येतो. गिअर आधीच हलका करून ठेवा. जड गिअरवर उभी सायकल सुटताना डुलते, आणि शेजारी हातभर अंतरावर दुसरं हँडल असेल तर तेवढं डुलणं पुरतं. झेंडा हलला म्हणून तुम्हाला हलायलाच हवं असं काही नाही. पुढचे सुटले, मध्ये जागा झाली, मग निघा. मागचे ओरडतील. ओरडू देत.

आता मुख्य गोष्ट. रस्त्यावर एकटं असताना आपण आपल्याला हवं तसं चालवतो. खड्डा दिसला की वळलो, पाणी प्यावंसं वाटलं की थांबलो. गर्दीत ती मुभा नसते. मागच्याला तुमचा अंदाज आला पाहिजे. हळू चालवा, वेडंवाकडं तोंड करून चालवा, गाणं म्हणत चालवा, पण रेघ सोडू नका. खड्डा लहान असेल तर सरळ त्याच्यावरून जा, कोपरं सैल सोडून. मोठा असेल तर आधी तोंडाने सांगा, मग हळूहळू सरका. हात दाखवायचं सगळे शिकवतात, पण दाटीत हँडलवरून हात काढणं हेच धोक्याचं. तुम्हाला पाडलं ते त्यानेच. तिथे तोंड वापरा. "थांबतेय", "डावीकडे येतेय", बस.

आणि नजर. घाबरलेला माणूस समोरच्याच्या मागच्या चाकाकडे बघतो. तसं केलंत की तो ब्रेक मारेपर्यंत तुम्हाला काहीच कळत नाही. त्याच्या खांद्यावरून पुढचे चार-पाच जण बघा. लांब कुणाचं डोकं एकदम वर आलं किंवा पाय फिरायचे थांबले, की समजायचं पुढे काहीतरी झालंय.

हिशोबच करायचा तर ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर. समोर काही घडलं आणि बोटं ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही ५ मीटर पुढे गेलात. एका सायकलची लांबी पावणेदोन-एक मीटर धरा. म्हणजे जवळजवळ तीन सायकली. एवढी जागा गर्दीत मिळत नाही हे मलाही माहीत आहे, मध्ये कुणीतरी घुसतंच. म्हणून बोटं सतत ब्रेकवर टेकलेली ठेवायची आणि वेग जागेप्रमाणे ठेवायचा. कुणी घुसला तर भांडू नका, पुन्हा थोडं मागे राहा. दिवसभरात पन्नास वेळा मागे राहावं लागेल. त्याने फेरी पाच मिनिटं लांबते.

सराव कुठे करायचा, त्यावर संध्याकाळी लिहितो.

---

लंबक

पहिल्या प्रश्नावर मी थोडा किडा आहे, म्हणून लिहितो.

कमी वेगात पडायचं कारण असं. तळहातावर काठी उभी धरून पाहा. काठी जिकडे कलते तिकडे हात नेला तरच ती उभी राहते. सायकलचं तेच. डावीकडे कललो की नकळत हँडल डावीकडे वळतं, चाकं आपल्या खाली येतात. वेग असला की हँडल किंचित हललं तरी पुरतं. वेग कमी असला की तेच काम करायला हँडल बरंच फिरवावं लागतं, त्याला जागा लागते, आणि गर्दीत ती नसते. (फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळेच सायकल उभी राहते असं शाळेत सांगतात. 2011 साली संशोधकांनी तो परिणाम काढून टाकलेली एक सायकल बनवली, आणि ढकलून दिल्यावर तीही स्वतःच तोल सांभाळत गेली. हे अवांतर.)

आता तुमचं चाक लागलं तेव्हा काय झालं? समजा तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या डावीकडे होतं. दोन्ही टेकली. तुम्ही घाबरून हँडल डावीकडे ओढलंत. तसं केलं की शरीर उजवीकडे कलतं. आता सावरायला हँडल उजवीकडे वळायला हवं, पण तिथे त्याचं चाक भिंतीसारखं उभं. काठी कलली आणि हात बांधलेला! पुढच्याला मात्र काही होत नाही, कारण त्याचं मागचं चाक सायकल वळवत नाही, त्याचं हँडल मोकळंच असतं. म्हणून तो मुलगा निघून गेला. त्याला खरंच कळलं नसेल.

उपाय विचित्र वाटेल: चाक टेकलं तर दूर पळू नका. पॅडल मारणं थांबवा, अंग किंचित त्या चाकाच्याच बाजूला झुकवा, हँडल झटकू नका, मागचा ब्रेक हलकेच लावा. एका क्षणात दोन्ही सुटतात. त्याहून बरं म्हणजे आपलं पुढचं चाक कुणाच्या मागच्या चाकाच्या शेजारी न्यायचंच नाही. एक तर पूर्ण मागे, नाहीतर हँडलला हँडल.

पुढे काहीच अडलेलं नसताना गर्दी थांबते का, हेही विचाराल म्हणून सांगतो. जपानमधला एक प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. 230 मीटरच्या गोल रस्त्यावर 22 गाड्या सोडल्या आणि चालकांना सांगितलं, एकसारख्या वेगाने चालवा. ना सिग्नल, ना खड्डा. तरी थोड्या वेळाने कोंडी झालीच, आणि ती लाट गाड्यांच्या उलट दिशेने मागे मागे सरकत राहिली. एकाने जरा ब्रेक दाबला, मागच्याने भीतीपोटी थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी. सायकलींच्या गर्दीतही तेच होतं. जो मध्ये जागा राखून चालवतो त्याच्यापाशी ही लाट विरते.

---

संथ_पॅडल

लंबक, तुम्ही माझी डावी-उजवी बाजूसुद्धा बरोबर ओळखलीत. वर्षभर मी त्या मुलाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. आता निम्म्या परत घेते.

चेनकव्हर, संध्याकाळ झाली हो.

---

चेनकव्हर

झाली, झाली.

गर्दीचा सराव गर्दीशिवाय होतो. पहिला आठवडा एकटीनेच. मोकळ्या मैदानात तीसेक पावलांचं अंतर आखा आणि पाय न टेकता ते जास्तीत जास्त वेळ घेऊन पार करा. हळू सायकलची शर्यत लावतात ना, तीच. हलका गिअर, पाय फिरतेच ठेवायचे आणि त्याच वेळी मागचा ब्रेक किंचित धरायचा. नजर लांब. पहिल्या दिवशी दहा-बारा सेकंदांत पोचाल. पंचवीसपर्यंत गेलात की तुम्हाला कुठलंही गोगलगायीचं वळण पाडणार नाही. वळणावर हँडल फिरलेलं असताना पुढचा ब्रेक आवळायचा नाही, एवढं मात्र घोटून घ्या. आणि तुमच्या सायकलचा कुठला ब्रेक कुठल्या हाताला आहे ते झोपेतही आठवलं पाहिजे, सगळ्या सायकलींना सारखं नसतं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भाचीला पकडा. नाव तिने घातलंय ना, मग राबू दे. गवतावर दोघी शेजारी शेजारी चालत्या वेगाने चालवा. आधी हातभर अंतर, मग वीतभर. मग खांद्याला खांदा टेकवा, कोपराला कोपर. हसू येईल, एकदोनदा गवतावर लोळाल. लोळा. कुणीतरी अंगाला लागलं म्हणजे आपण पडलोच असं नाही, हे शरीराला कळायला लागतं. डोक्याला कळून उपयोग नसतो.

चौथ्या आठवड्यात पाच-सहा जणांच्या गटात एकदोन वेळा जा. मग फेरी.

सायकलचं: सीट नेहमीपेक्षा बोटभर खाली घ्या, म्हणजे पाय पटकन टेकतो. लांब पल्ल्याला गुडघे कुरकुरतात, २१ किमीला चालतं. हँडलला पिशवी, काठी, झेंडा काही लावू नका. झेंडे लावायचा लोकांना फार सोस असतो आणि ते दुसऱ्यांच्या ब्रेकच्या तारांत अडकतात. बाटलीचा पिंजरा हलवून पाहा. सुटलेल्या बाटल्या रस्त्यावर गडगडत येतात, त्यांनी पडलेले मी मोजणं सोडून दिलंय. कानात काही घालू नका. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं. डोक्यामागे सरकवलेलं हेल्मेट ही निव्वळ टोपी.

---

टॉप_गिअर

बरं, माघार. पण एक विचारतो. एवढं जपून चालवायचं तर मजा काय राहिली?

---

दोन_चाकं_चार_पाय

मजेचं मी सांगते. मी नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन जाते.

एरवी ज्या रस्त्यावर त्याला सायकल काढू देणार नाही, त्या रस्त्याच्या मधोमध तो घंटी वाजवत जातो. गाड्यांचा आवाज नसला की शहर वेगळंच ऐकू येतं. हजारो चेनींची एकत्र खरखर, आणि बोगद्यात शिरलं की सगळी पोरं विनाकारण ओरडतात. मोठीपण. मीपण. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1974 पासून हे चाललंय म्हणतात. तिथे दर रविवारी शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद ठेवून लोकांना देतात. न्यूयॉर्कच्या पाच भागांतून जाणारी फेरी 1977 साली अडीचशेच्या आसपास लोकांवर सुरू झाली, आता तिथे तीस हजारांहून जास्त जण येतात आणि गटागटाने सोडतात. तुमच्याकडे गट पाडून सोडतात का ते आधी विचारा. एकदमच सोडत असतील तर मी तरी पहिली पंधरा मिनिटं कडेला उभी राहून बघत बसेन.

मूल सोबत असेल तर मूल कडेला आणि आपण त्याच्या गर्दीच्या बाजूला, अर्धी सायकल मागे. मुलं वाकडीतिकडी चालवणारच. त्यांच्यामागे असलेल्या मोठ्यांनी ते गृहीत धरावं, "सरळ चालव रे" असं खेकसू नये. गेल्या खेपेला एक गृहस्थ खेकसले, पोरगं मागे वळून बघायला गेलं आणि पडलं.

---

जुना_मार्ग

एक फरक नोंदवून ठेवतो. संथ_पॅडल यांची फेरी रस्ते बंद करून होणारी आहे. दुसऱ्या प्रकारच्या फेऱ्या असतात, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी नुसतं जमायचं आणि वाहत्या रहदारीतून निघायचं. सॅन फ्रान्सिस्कोत सप्टेंबर 1992 मध्ये सुरुवात झाली, ना नोंदणी ना आयोजक. तिथे चौकात काही जण आडव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकली लावून उभे राहतात आणि सगळा घोळका एकत्र पार होईपर्यंत गाड्या अडवून धरतात. मी हे केलंय, तरुणपणी. घोळका तुटून मध्ये गाडी शिरली तर ते जास्त वाईट, हा त्यामागचा विचार पटतो. पण अडवलेल्या गाडीवाल्याच्या डोळ्यात बघत उभं राहणं काय असतं ते उभं राहिल्यावरच कळतं. एकदा एकाने इंजिन चालू ठेवून माझ्या चाकाला बंपर टेकवला होता. पहिली गर्दी म्हणून त्या प्रकाराकडे जाऊ नका.

---

संथ_पॅडल

कालच आले, आज लिहितेय. हात थरथरतोय तो भीतीने नाही, ब्रेकवर बोटं ठेवून ठेवून.

गवतावर लोळलो. भाची माझ्यापेक्षा जास्त वेळा लोळली, आणि तिच्या लक्षात आलं की तिलाही हळू चालवता येत नाही. माझी तीस पावलं एकतीस सेकंदांवर गेली आहेत, तिची अजून अठरा.

काल शेवटच्या गटात, कडेला उभी राहिले. निघायच्या वेळी मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, चला ना!" मी चालले नाही. पुढे दोन सायकलींएवढी जागा झाली, मग निघाले. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये माझ्यापुढच्या त्या जागेत किती जण घुसले मोजत होते. सतरानंतर सोडून दिलं.

उड्डाणपूल उतरताना पोटात गोळा आला. तेच वळण. वेग कमी झाला, सगळे दाटले, उजवीकडून एकाचं कोपर माझ्या कोपराला लागलं. आणि मंडळी, काही झालं नाही! तो "सॉरी" म्हणाला, मी "असू दे" म्हणाले आणि आम्ही तसेच कोपराला कोपर लावून अर्धं वळण गेलो. वळण संपल्यावर मला एकदम रडू आलं. सायकलवर रडताना नाक पुसता येत नाही, हात काढायचा नाही ना.

पुढे पंधराव्या किलोमीटरच्या आसपास पाणी वाटत होते तिथे एक कॉलेजातला मुलगा माझ्या समोरच पडला, पेल्यासाठी हात काढून. मी तोंडाने "थांबतेय" ओरडले, ब्रेक लावला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबले. माझ्या मागचे थांबले. त्यांच्या मागचेही. कुणी कुणावर पडलं नाही. मुलाला उठवलं, विचारलं "लागलं का रे?" त्याने मान हलवली आणि आधी मोबाईल शाबूत आहे का ते पाहिलं.

शेवटच्या रेषेनंतर पन्नास पावलं मोजत गेले, चेनकव्हर. भाची रेषेवरच थांबली होती. तिला मागून धडक बसली, किरकोळ.

आता तिसरा प्रश्न. कुठेतरी गर्दीत माझ्या घंटीची वरची टोपी उडून गेली. खालचा भाग आणि खटका शाबूत आहे. नुसती टोपी मिळते का, की अख्खी घंटी घ्यावी लागेल?

---

चेनकव्हर

मिळते कधी कधी, पण आटे जुळत नाहीत. खालचा भाग काढून सोबत घेऊन जा, नाहीतर दोन फेऱ्या होतील.